कुत्र्याच्या गाठी सुजल्यात, पण रिपोर्टात ‘निश्चित निदान नाही’: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मी कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो. मानेखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे गाठी आलेलं कुत्रं माझ्याकडे वरचेवर येतं. आजार अवघड असला तरी माणसं सावरतात. कॅन्सर आहे म्हटलं तर मालक रडतो, पण दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. ‘अजून सांगता येत नाही’ म्हटलं की मात्र त्याची झोप उडते, आणि कुणी काहीही सुचवलं तरी ते औषध द्यायला तो तयार होतो. खालची उत्तरं त्या मधल्या दिवसांसाठी लिहिली आहेत.

गाठ सुजली म्हणजे नेमकं काय सुजलं?

पायात काटा मोडला, जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ते अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. कुत्र्याच्या अंगातही तेच घडतं. या ग्रंथी शहराच्या वेशीवरच्या नाक्यांसारख्या असतात. त्या त्या भागातून येणारा द्रव तिथं तपासला जातो, आणि जंतू सापडला की नाक्यावर लढणाऱ्या पेशींची गर्दी वाढते. म्हणून गाठ फुगते. जुनी माणसं अवधाणाला लेप लावायच्या आधी काटा शोधायची. आम्हीही तेच करतो. फक्त आमचा काटा कधी दातात असतो, कधी रक्तात, आणि कधी त्या ग्रंथीतच.

घरी हात लावून कसं तपासायचं?

हाताला लागणाऱ्या जागा मोजक्या आहेत: जबड्याच्या कोपऱ्याखाली, खांद्याच्या पुढच्या बाजूला, काखेत, जांघेत आणि मागच्या पायाच्या गुडघ्यामागे. निरोगी कुत्र्यात काखेतल्या आणि जांघेतल्या गाठी सहसा लागतच नाहीत. गुडघ्यामागची गाठ मध्यम अंगाच्या कुत्र्यात शेंगदाण्याएवढी, फार तर लहान सुपारीएवढी लागते. सडपातळ कारवानीच्या अंगावर ती चटकन हाताला येते. जाडजूड लॅब्रेडॉरमध्ये ती चरबीत हरवते, आणि कधी चरबीचा गोळाच गाठ वाटतो.

जबड्याखाली चूक होते ती वेगळी. तिथं लाळग्रंथीही असते आणि ती निरोगी कुत्र्यातही मोठी, गुळगुळीत लागते. लसिका ग्रंथी तिच्या थोडी पुढे असतात. दोन्ही बाजू एकाच वेळी चाचपून पाहा. एका बाजूची गाठ दुसरीपेक्षा स्पष्ट मोठी असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आणि मोजून ठेवा. ‘वाढल्यासारखी वाटते’ यावर काही ठरवता येत नाही. उद्यमनगरात लेथवर काम करणारं कुणी घरात किंवा शेजारी असेल तर व्हर्नियर मिळतोच. त्यानं हलक्या हातानं गाठीची लांबी-रुंदी घ्या आणि तारीख घालून वहीत लिहा. आठवड्यातून दोनदा पुरे. एका मालकानं आणलेली अशी तीन आठवड्यांची वही मला एका महागड्या चाचणीपेक्षा जास्त उपयोगी पडली होती. मात्र रोज दहा वेळा दाबून बघू नका. दाबून दाबूनही गाठ दुखरी होते.

सूज कशाकशानं येते?

एकच गाठ सुजली असेल तर आधी त्या भागात बघायचं. जबड्याखालची सुजली की तोंड उघडायचं: किटण चढलेले दात, हिरड्यांतला पू, टाळूत अडकलेलं हाडाचं टोक. आपल्याकडे मटणाची हाडं कुत्र्याला घालायची पद्धत आहे, त्यामुळं हे शेवटचं कारण मी आधी बघतो. गुडघ्यामागची सुजली की पंजा बघायचा. ऊस तोडलेल्या रानात फिरणाऱ्या कुत्र्याच्या बोटांमध्ये खोडव्याची टोकं घुसतात आणि केसांत जखम दिसतही नाही. तोंडातल्या किंवा कातडीवरच्या कॅन्सरच्या गाठीतूनही पेशी जवळच्या ग्रंथीत जातात, म्हणून अंगावर दुसरी गाठ आहे का, हेही पाहावं लागतं.

सगळीकडच्या गाठी एकदम सुजल्या तर विचार बदलतो. आपल्या भागात पहिला संशय गोचीड तापाचा. तपकिरी कुत्रे-गोचीड चावली की एर्लिचिया नावाचा जंतू रक्तात जातो. चावल्यापासून साधारण ८ ते २० दिवसांनी ताप, सुस्ती, जेवण टाकणं, गाठी सुजणं सुरू होतं. काहींच्या नाकातून रक्त येतं, पोटाच्या उघड्या कातडीवर लाल ठिपके दिसतात. कुत्रं यातून आपोआप सावरल्यासारखंही दिसतं, पण जंतू अंगात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं दबून राहू शकतो. बेबेसिया हा याच गोचिडीचा दुसरा आजार, त्यात तांबड्या पेशी फुटतात. हेपॅटोझून मात्र गोचीड चावल्यानं होत नाही, ती गिळल्यानं होतो. अंग चावताना कुत्रं ती गिळतं.

इथं एक गैरसमज काढायला हवा. ‘आमच्या गोठ्यातनं गोचीड आली’ असं बरेच जण सांगतात. जनावरांवरची गोचीड बहुतेक वेगळ्या जातीची असते. कुत्र्याची गोचीड घरातच राहते: भिंतीच्या फटीत, पलंगाखाली, पायरीच्या सांध्यात, कुत्र्याच्या पोत्यात. एक मादी हजारो अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्र्यावर औषध मारून भागत नाही.

म्हशी, घोडी बाळगणाऱ्यांनी सर्रा हा जनावरांचा आजारही आठवावा. मोठ्या चावऱ्या माशांमार्फत तो पसरतो आणि कुत्र्यांनाही होतो. ताप, गाठी, तोंडावर सूज आणि डोळ्यावर निळसर-पांढुरकी झाक ही त्याची खूण.

आणि मग लिम्फोमा, म्हणजे या ग्रंथींमधल्या पेशींचाच कॅन्सर. कुत्र्यांत तो बऱ्यापैकी आढळतो आणि त्यातले सुमारे ८० टक्के रुग्ण अंगभर गाठी सुजलेलेच असतात. गाठी टणक लागतात, पण दुखत नाहीत. सुरुवातीला कुत्रं खातं-पितं, खेळतं. ‘एवढं चांगलं आहे, त्याला काय झालं असणार?’ हे वाक्य या आजारात फार फसवं ठरतं. मध्यम वयापुढचे बॉक्सर, गोल्डन रिट्रीव्हर, लॅब्रेडॉर, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड यांच्यात तो जास्त दिसतो, पण गावठी कुत्र्यालाही तो होतोच.

किती दिवस वाट बघितली तर चालेल?

एकच गाठ, तिचं कारण सापडलंय, उपचार सुरू आहेत आणि कुत्रं खातंय, तर दोन आठवडे बघा. दोन आठवड्यांत ती उतरणीला लागायला हवी. सगळीकडच्या गाठी आणि कारण दिसत नाही, तर दोन-तीन दिवसांत दाखवा. श्वास घेताना आवाज येतोय, गिळता येत नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, नाकातून रक्त थांबत नाही, शी डांबरासारखी काळी होतेय, किंवा कुत्रं अचानक खूप पाणी पिऊन खूप लघवी करतंय आणि गळालंय, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. ते जास्त पाणी पिणं लोक उन्हावर ढकलतात. काही लिम्फोमांत रक्तातलं कॅल्शियम वाढतं, त्याचं ते लक्षण असू शकतं, आणि त्यात मूत्रपिंडं खराब होतात.

सुईनं पाणी काढून तपासतात ते काय? त्यानं आजार पसरतो का?

त्याला एफएनएसी म्हणतात. इंजेक्शनच्या नेहमीच्या बारीक सुईनं गाठीतल्या थोड्या पेशी घेऊन काचेवर पसरतात, वाळवतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बहुतेक कुत्र्यांना भूलही लागत नाही. लिम्फोमा सुई टोचल्यानं पसरत नाही. तो अंगभर असला तर आधीच अंगभर असतो. ही भीती मनात धरून तपासणी टाळलेली कुत्री मी पाहिली आहेत, आणि त्यांचा वेळ फुकट गेला.

सुई कुठल्या गाठीत घालायची याला महत्त्व आहे. जबड्याखालची गाठ मालकाला सर्वात आधी दिसते, म्हणून तीच टोचली जाते. पण खराब दातांमुळं ती एरवीही सुजलेली असते आणि उत्तर गढूळ करते. अंगभर गाठी असतील तर गुडघ्यामागची किंवा खांद्यापुढची गाठ घ्यावी, आणि शक्यतो दोन जागांहून नमुने घ्यावेत. सर्वात मोठ्या गाठीचा मोहही टाळावा. तिच्या मधोमध पेशी मेलेल्या असू शकतात.

रिपोर्टात ‘निश्चित निदान नाही’ असं आलंय. म्हणजे काही नाही ना?

नाही. ‘काही नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही, आणि ‘कॅन्सर आहे, पण डॉक्टर लपवताहेत’ असाही नाही. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या काचेवर मिळालं नाही, एवढंच तो रिपोर्ट सांगतो. उत्तर का मिळालं नाही, हे मात्र रिपोर्टातच लिहिलेलं असतं आणि तेच कुणी वाचत नाही. शेवटची ओळ वाचून कागद घडी करून खिशात जातो. वरचं वर्णन डॉक्टरांकडून वाचून घ्या. साधारण तीन प्रकार निघतात आणि तिन्हींची पुढची वाट वेगवेगळी आहे.

पहिला प्रकार: नमुनाच चांगला नाही. काचेवर नुसतं रक्त आलंय, चरबी आलीय, पेशी फार थोड्या आहेत, किंवा पेशी फुटल्या आहेत. या ग्रंथीतल्या पेशी फार नाजूक असतात. काचेवर पसरताना जरा जोर पडला की त्या फुटून जातात आणि बघणाऱ्याला फक्त त्यांचा चिखल दिसतो. यात आजाराबद्दल बरं-वाईट काहीच कळलेलं नसतं. नमुना लगेच पुन्हा घ्यायचा, दुसऱ्या गाठीतून. थांबून बघण्यात काही अर्थ नाही.

दुसरा प्रकार: नमुना चांगला आहे, पेशी भरपूर आहेत, पण चित्र सीमेवरचं आहे. जंतूशी लढणाऱ्या गाठीत लहान, मध्यम, मोठ्या अशा सरमिसळ पेशी असतात, आठवडी बाजारातल्या गर्दीसारख्या. मोठ्या पेशींच्या लिम्फोमात एकाच साच्यातल्या अपक्व पेशी अर्ध्याहून जास्त भरलेल्या असतात. मोठ्या पेशी वाढल्यात, पण अर्ध्यावर गेलेल्या नाहीत, तर प्रामाणिक पॅथॉलॉजिस्ट ‘सांगता येत नाही’ असंच लिहील. लहान पेशींचा संथ लिम्फोमा तर सुईच्या नमुन्यावर ओळखणं फारच अवघड, कारण त्या पेशी एकेकट्या बघितल्या तर निरोगीच दिसतात. ग्रंथीची रचना मोडलीय का, हे बघायला अख्खी गाठ लागते. म्हणजे इथं पुन्हा सुई टोचून फार हाती लागत नाही, बायोप्सीकडे वळावं लागतं. कुत्रं ठणठणीत असेल आणि गोचीड तापाचा उपचार सुरू असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजून, नमुना घेऊन बघता येतं. त्याहून जास्त लांबवू नये.

तिसरा प्रकार सर्वात गोंधळाचा: दोन चाचण्या दोन गोष्टी सांगतात. गोचीड तापाची पट्टी (दवाखान्यातच होणारी रक्ताची छोटी चाचणी) पॉझिटिव्ह, पण गाठीचा नमुना लिम्फोमासारखा. किंवा पट्टी निगेटिव्ह, गाठी सुजलेल्या आणि प्लेटलेट घसरलेल्या. त्याचं उत्तर खाली.

गोचीड तापाची टेस्ट पॉझिटिव्ह आली. मग गाठींचं कारण तेच झालं ना?

असेलही. पण इथं थांबू नका. दवाखान्यात होणारी ती छोटी पट्टी बहुधा जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिद्रव्यं शोधते. आजार बरा झाल्यावरही ती महिनोन्‌महिने, काही कुत्र्यांत वर्षानुवर्षं रक्तात राहतात. आपल्याकडे गोचीड न चावलेलं कुत्रं शोधून सापडायचं नाही. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या तापाची पावती आज हातात येते आणि आजच्या गाठींचा दोष तिच्या माथी मारला जातो.

उलट बाजूही आहे. लागण होऊन दोन-तीन आठवडेच झाले असतील तर प्रतिद्रव्यं अजून तयार झालेली नसतात, म्हणून पट्टी निगेटिव्ह येते आणि आजार मात्र असतो. अशा वेळी पीसीआर उपयोगी पडते, कारण ती जंतूचा डीएनए शोधते. पण जुन्या, दबलेल्या आजारात रक्तात जंतू इतके कमी असतात की पीसीआरही हुकते, आणि डॉक्सीसायक्लिन, म्हणजे गोचीड तापाचं अँटिबायोटिक, सुरू केल्यावर रक्त पाठवलं तर हुकण्याची शक्यता आणखी वाढते. रक्त आधी काढा, गोळी नंतर. हे एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुढचा गोंधळ पुष्कळ टळतो.

संशय पक्का असेल तर आम्ही डॉक्सीसायक्लिन देऊन बघतो. ताज्या गोचीड तापात दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रं जेवायला लागतं. कोर्स मात्र साधारण २८ दिवसांचा. चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून गोळ्या बंद करू नका. गोळी जेवणासोबत आणि वर पाणी पाजून द्या, कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते. कुत्रं सुधारलं आणि गाठीही उतरल्या तर उत्तर मिळालं. कुत्रं सुधारलं पण गाठी तशाच राहिल्या किंवा वाढल्या, तर दोन आजार एकत्र असू शकतात. असं होतं.

प्लेटलेट फार कमी आल्यात, पण कुत्रं तर चांगलं दिसतंय?

निरोगी कुत्र्यात प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख असतात. आपल्याकडे बरंचसं रक्त माणसांच्या लॅबमध्ये जातं आणि तिथलं मशीन माणसाच्या पेशींसाठी बसवलेलं असतं. शिवाय रक्त काढताना वेळ लागला की प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीन एका गठ्ठ्याला एक मोजतं. म्हणून आकडा खूप कमी दिसला की त्याच रक्ताचा थेंब काचेवर पसरून डोळ्यांनी बघितला का, हे विचारा. त्याच काचेवर बेबेसिया, सर्राही दिसू शकतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते सुटू नये.

रिपोर्ट येईपर्यंत सूज उतरायचं इंजेक्शन देऊन टाका की, डॉक्टर!

हा प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं, आणि नाही म्हणताना जिवावर येतं. सूज उतरवणारं ते इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचं असतं. त्यानं गाठी खरोखर उतरतात, दोन दिवसांत. लिम्फोमातही उतरतात. आणि तिथंच घात होतो. कॅन्सरच्या पेशी काही काळ मरतात, काचेवर चित्र पुसट होतं, बायोप्सीतही नीट दिसत नाही. काही आठवड्यांत गाठी परत येतात, तेव्हा उरलेल्या पेशी औषधांना दाद देईनाशा झालेल्या असू शकतात. पुढं केमोथेरपी करायची म्हटली तर तिचा गुण कमी येतो.

दवाखाना सुरू केला त्या वर्षांत मी स्वतः हे केलं आहे. ब्रुनो नावाचा बॉक्सर होता, कसबा बावड्यातला. गाठी होत्या, सुईचा रिपोर्ट अर्धवट होता, मालक काकुळतीला आले होते. मी स्टेरॉइड दिलं. चार दिवसांनी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. महिन्याभरानं ब्रुनोच्या गाठी पूर्वीपेक्षा मोठ्या होत्या आणि तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं फार थोडं उरलं होतं. तो पुडा मी विसरलेलो नाही.

गाठींमुळं श्वास कोंडत असेल तर गोष्ट वेगळी. तिथं जीव आधी. पण तेव्हाही स्टेरॉइड देण्याआधी दोन काचा करून ठेवता येतात, दोन मिनिटं लागतात. आधी कुठं इंजेक्शन घेतलं असेल, गोळ्या किंवा खाजेचं औषध चालू असेल, तर न लाजता सांगा. त्यात स्टेरॉइड असेल तर पॅथॉलॉजिस्टलाही कळायला हवं.

बायोप्सी कोल्हापुरात होते का? पुण्या-मुंबईला कुत्रं न्यावं लागेल का?

गाठ काढणं इथं होतं. गुडघ्यामागची अख्खी ग्रंथी भूल देऊन काढतात, छोटी शस्त्रक्रिया आहे, कुत्रं संध्याकाळी घरी जातं. बाहेर जातो तो नमुना. जनावरांच्या पेशी वाचणारा पॅथॉलॉजिस्ट वेगळा लागतो, आणि त्यासाठी बहुधा पुणे-मुंबईच्या लॅबकडे किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे बघावं लागतं. आपल्याला जवळचं महाविद्यालय म्हणजे पुण्याच्या वाटेवरचं शिरवळ. मुंबईत परळचं जुनं महाविद्यालय आहे.

नमुने रात्रीच्या गाडीनं जातात, आणि वाटेत खराबही होतात. सुईच्या काचा पूर्ण वाळलेल्या, कडक डबीत हव्यात. फ्रीजमध्ये किंवा बर्फावर ठेवल्या तर दव धरून पेशी फुटतात. बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये जातो, तुकड्याच्या दहा पट फॉर्मलिन हवं. आणि काचा व फॉर्मलिनची बाटली एकाच खोक्यात कधीही घालू नयेत. बाटली घट्ट बंद असली तरी तिच्या वाफेनं काचेवरचा नमुना रंग घेत नाही. अर्धवट रिपोर्टांमागचं हे साधं कारण आहे आणि ते पूर्णपणे टाळता येतं.

बायोप्सीनंतरही कधी लिम्फोमा ‘टी पेशींचा की बी पेशींचा’ (लढणाऱ्या पेशींच्या या दोन जाती) हे ठरवायला जास्तीचे रंग वापरावे लागतात. पार नावाची एक चाचणी आहे, तिच्यात गाठीतल्या पेशी एकाच पेशीची पिल्लावळ आहेत का, हे डीएनएवरून बघतात. जुन्या काचेवरून खरवडूनही ती करता येते, म्हणून काचा फेकू नका. पण ती निगेटिव्ह आली तर लिम्फोमा नाही असं सिद्ध होत नाही, आणि एर्लिचियाच्या कुत्र्यात क्वचित ती खोटी पॉझिटिव्ह येते. फ्लो सायटोमेट्री, म्हणजे जिवंत पेशी यंत्रातून एकेक करून ओळखायची चाचणी, हीही चांगली आहे. पण तिला नमुना थंड ठेवून एक-दोन दिवसांत पोचवावा लागतो. लॅबशी आधी फोनवर बोलल्याशिवाय इथून पाठवू नका. प्रत्येक चाचणीचा खर्च आधी विचारा, आणि त्याच्याच जोडीला हेही विचारा: ‘याचं उत्तर काहीही आलं तरी उपचार बदलणार आहे का?’ बदलणार नसेल तर ते पैसे औषधाला ठेवा.

लिम्फोमा निघाला तर पुढं किती दिवस?

उपचार नाही केले तर बहुतेक कुत्री एक ते दोन महिन्यांत जातात. नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही साधारण तेवढेच दिवस मिळतात, फक्त ते बरे जातात. चार औषधांची केमोथेरपी चार ते सहा महिने चालते. तिनं दहातल्या आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी पूर्ण उतरतात, आणि बी पेशींच्या प्रकारात साधारण वर्षभराचं आयुष्य मिळतं, टी पेशींच्या प्रकारात त्याहून कमी. कायमचा बरा होणं विरळ. संथ जातीचा निघाला तर कुत्रं फार औषधाशिवायही वर्ष-दोन वर्षं काढतं. म्हणून तर नेमका प्रकार कळायला हवा.

केमो म्हटलं की माणसांचा वॉर्ड डोळ्यांपुढं येतो. कुत्र्यांना मात्रा त्रास कमी राहील या हिशेबानंच देतात, बहुतेकांचे केस गळत नाहीत, उलटी-जुलाब होतात पण आवरता येतात. तरी खर्च, दर आठवड्याची फेरी आणि रक्ततपासणी हे सगळं घराला पेलायला हवं. पेलत नसेल तर स्टेरॉइडवर उरलेले दिवस सुखात काढू देणं हाही उपचारच आहे. त्यासाठी कुणी स्वतःला दोष देऊ नये.

घरातल्या लहान मुलांना लागेल का?

लिम्फोमा लागत नाही. गोचीड ताप कुत्र्याकडून थेट माणसाला होत नाही. फक्त गोचीड नखानं चिरडू नका, चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा. केमो चालू असेल तर औषधानंतर दोन-तीन दिवस शी-लघवी हातमोजे घालून उचला.

हळद-चुन्याचा लेप, गरम शेक?

नको. चुना कुत्रं चाटतं आणि त्याचं तोंड भाजतं. दुखतंय म्हणून घरातली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळीही नको. पोटात व्रण होऊन आणि मूत्रपिंडं बंद पडून कुत्री दगावतात.

पिल्लाचं तोंड आणि गळा सुजलाय. तेच का?

तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या ओठांवर, पापण्यांवर सूज, फोड, आणि जबड्याखाली मोठ्या गाठी असतील तर पिल्लांचा एक वेगळा आजार असतो, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते. नुसत्या अँटिबायोटिकनं तो हटत नाही, त्याला स्टेरॉइडच लागतं. वर मी स्टेरॉइडबद्दल इतकं कडक बोललो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. निदान झाल्यावर दिलेलं तेच औषध जीव वाचवतं.

गल्लीतल्या कुत्र्याच्या जांघेत गाठी आहेत. आम्हीच खायला घालतो.

लिंग किंवा योनीतून रक्त ठिबकतंय का, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ दिसते का, हे बघा. भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणारा एक कॅन्सर आपल्याकडे खूप आहे, आणि व्हिन्क्रिस्टीनच्या आठवड्याला एक अशा काही इंजेक्शनांनी तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. फक्त अनोळखी कुत्र्याला स्वतः दाबून बघू नका. चावलं तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा.

दुसरा रिपोर्टही तसाच आला. आता?

मग बायोप्सी, आणि ती पाठवताना सोबत सगळं लिहून: वय, जात, गाठी कधीपासून, मापं, दिलेली औषधं, आधीचे रिपोर्ट. पॅथॉलॉजिस्टला बहुतेकदा फक्त ‘कुत्रा, नर, गाठ’ एवढंच कळवलेलं असतं. शक्य असेल तर तुमच्या डॉक्टरांना त्यांच्याशी फोनवर बोलायला सांगा. कागदावर जे लिहायला माणूस बिचकतो, ते फोनवर ‘माझा कल अमुक बाजूला आहे’ असं सांगतो.

कागलकडची चंपी नावाची नऊ वर्षांची कुत्री मागच्या हिवाळ्यात आली होती. पहिल्या काचेवर नुसतं रक्त. दुसरी सीमेवरची. पट्टी पॉझिटिव्ह. डॉक्सीसायक्लिनवर जेवायला लागली, पण वहीतली मापं खाली येईनात. मालकीणबाई दर सोमवारी एसटीनं यायच्या, वही पुढं करायच्या आणि एकच विचारायच्या, ‘अजून थांबायचं का, डॉक्टर?’ तिसऱ्या सोमवारी आम्ही गुडघ्यामागची गाठ काढली. संथ लिम्फोमा निघाला. ती अजून येते, आता दर दोन महिन्यांनी. वही दुसरी लागली आहे.